गाडीतली न्याहारी : बांधली कोणी, खाल्ली कोणी



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला सकाळच्या गर्दीत स्टेशनच्या जिन्यावर चक्कर आली. शेजारच्या बायकांनी तिला धरून खाली बसवले, पाणी पाजले. कुणीतरी पर्समधून राजगिऱ्याची वडी काढून तिच्या हातावर ठेवली. ती थोडी सावरल्यावर आम्ही तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळपासून काय खाल्लंत?" ती म्हणाली, "चहा घेतला." पहाटे साडेचारला उठून तिने तीन डबे भरले होते. नवऱ्याचा, मुलाचा आणि मुलीचा. चौथा डबा भरायला वेळ उरला नव्हता.

त्या दिवसानंतर आम्ही एकमेकींना विचारू लागलो, तू सकाळी काय खातेस? आमच्यातल्या सहाजणी रोज लोकलने कामाला जातात. सहांपैकी चौघी रिकाम्या पोटी निघत होत्या. म्हणून ठरवले, की आजच्या भाषणात पाककृती सांगण्याआधी थोडा इतिहास सांगायचा. वाटेत खायची न्याहारी आपल्याकडे कशी आली, ती कोणी बांधली, कोणी वाहून नेली आणि कोणी खाल्ली, याचा इतिहास.

वाटेत खायचे अन्न आपल्याला नवे नाही. त्याला आपल्या भाषेत किती सुंदर शब्द आहे, शिदोरी. गोपाळकाल्याची गोष्ट शिदोरीचीच आहे. रानात गुरे घेऊन गेलेल्या सवंगड्यांनी आपापल्या घरच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, तो काला. सुदाम्याची गोष्टही शिदोरीचीच. तो द्वारकेला निघाला तेव्हा घरात द्यायला काही नव्हते. त्याच्या बायकोने शेजारीपाजारी मागून मूठ-मूठ पोहे गोळा केले आणि फडक्यात बांधून दिले. पुढे कृष्णाने ते पोहे किती आवडीने खाल्ले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या दिवशी सुदाम्याच्या घरी त्या बाईने काय खाल्ले, हे आपण कधी कुणाला विचारले नाही. आमची आजची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आपल्या जुन्या बायकांनी वाटेच्या अन्नाचा फार बारकाईने विचार केला होता. अन्न खराब होते ते मुख्यतः ओलाव्यामुळे, हे त्या अनुभवाने जाणून होत्या. म्हणून लांबच्या प्रवासाला दशम्या करत. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचे. त्यामुळे ती मऊ राहते आणि पाण्यातल्या पोळीसारखी लवकर वातड होत नाही. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांत दुधातली दशमी प्रवासात चालते अशी समजूतही होती. ज्वारीच्या मुलखात धपाटे, कोकणात भाजलेले पोहे आणि गूळ, कुठे तिखटामिठाच्या पुऱ्या, कुठे सांज्याच्या पोळ्या. सातूचे पीठ तर सगळ्यात सोपे. धान्य आधीच भाजून दळलेले, वाटेत गुळाच्या पाण्यात कालवले की झाले. चूल नको, भांडे नको. आज दुकानात झटपट खाण्याची पाकिटे मिळतात, त्यांच्यामागची युक्ती आपल्या पणजीला ठाऊक होती.

शेतकऱ्याच्या घरी न्याहारीची रीत वेगळी होती. गडी पहाटे औत घेऊन शेतावर जायचा आणि ऊन वर आले की घरची बाई डोक्यावर पाटी घेऊन न्याहारी पोचवायची. भाकरी, कोरड्यास, कांदा, मिरचीचा ठेचा. ही न्याहारी बाईने रांधली, बाईनेच वाहिली आणि सगळ्यांचे आटोपल्यावर उरले ते तिने खाल्ले. मात्र एक गोष्ट होती. शेत जवळ होते आणि वेळ घड्याळावर नव्हती. न्याहारी थोडी उशिरा पोचली तरी शेत पळून जात नव्हते.

गाडी पळून जाते. घड्याळाची ही सत्ता आपल्या मुलखात आली ती रेल्वे आणि गिरण्यांबरोबर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. कावसजी नानाभाई दावर यांनी उभारलेली मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या काही दशकांत लालबाग, परळ, वरळी, भायखळा या भागाचे गिरणगाव झाले. पहाटे भोंगा वाजायचा आणि फाटक बंद व्हायच्या आत पोचावे लागायचे. रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूरकडून आलेले हजारो पुरुष चाळींतल्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. बायकामुले गावी. मग या माणसांना भोंग्याच्या आत खाऊ कोण घालणार?

त्यांना खाऊ घातले खानावळवाल्या बायकांनी. गिरणगावातली खानावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत एखादी बाई, बहुधा विधवा, टाकलेली किंवा नवऱ्याच्या पगारात न भागणारी, दहा-वीस गड्यांचे जेवण करायची. गिरणीत तीन पाळ्या सुरू झाल्यावर तिच्या चुलीलाही तीन पाळ्या लागल्या. सकाळपाळीचा गडी निघण्याआधी चहा-भाकरी तयार हवी, रातपाळीचा परत येईल तेव्हा त्याचे ताट तयार हवे. चाळीच्या नळाला पाणी यायचे पहाटे, म्हणून तिचा दिवस त्याहून आधी सुरू व्हायचा. कामगारांचा पगार महिन्याने व्हायचा आणि किराणा रोज लागायचा. मधला सगळा महिना ती वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर काढायची.

या बायकांना कुणी कामगार म्हणत नव्हते. १९७३-७४ च्या गिरणी संपात पगार थांबला, तरी खानावळी थांबल्या नाहीत. बायकांनी दागिने, भांडी गहाण टाकून संपकऱ्यांना जेवू घातले. गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिले. १९७५ मध्ये त्यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. एकमेकींना जामीन राहून या बायकांनी राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवले आणि सावकाराचा फास सैल केला. गिरणगावाच्या इतिहासात पुढारी, संप आणि मोर्चे यांची नावे ठळक आहेत. पण भोंग्याआधी त्या पोटांत भाकरी कोणी घातली, तेही आपण मोठ्याने सांगायला हवे.

गिरणीत बायकाही कामाला होत्या, हे आपण विसरतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. बहुतेकजणी सूत उकलण्या-गुंडाळण्याच्या खात्यात असत. १८९१ च्या कायद्याने बायकांच्या कामाचे तास दिवसाला अकरावर आणले. अकरा तास ही सवलत होती, म्हणजे आधीची स्थिती काय असेल ते बघा! हे अकरा तास गिरणीतले. त्याआधी पाणी, चूल आणि पोरे होतीच. घरातले सगळे खाऊन झाल्यावर बाईने बसायचे, ही आपली जुनी चाल. शेतावरच्या दिवसात या चालीत बाईची न्याहारी उशिरा व्हायची. भोंग्याच्या दिवसात तीच चाल पाळली तर तिची न्याहारी व्हायचीच नाही. चाल जुनीच राहिली आणि घड्याळ तेवढे बदलले. आमच्या मैत्रिणीला जिन्यावर चक्कर आली, तिचे मूळ आम्हाला इथे दिसते.

आता वळूया हातात धरून खाण्याच्या न्याहारीकडे. लोकलच्या न्याहारीला तीन अटी आहेत. एका हाताने खाता आली पाहिजे, कारण दुसरा हात वरच्या कडीला. ती सांडता कामा नये, कारण अंगावर ऑफिसचे कपडे. आणि ती मिनिटभरात मिळाली पाहिजे, कारण गाडी स्टेशनात शिरते आहे. या तिन्ही अटी पुऱ्या करणारी वस्तू मुंबईने घडवली. ती म्हणजे वडापाव.

तिच्यातले किती काही बाहेरून आले आहे! पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्दसुद्धा पोर्तुगीजच. मिरची आणि शेंगदाणा मूळचे अमेरिका खंडातले. बेसन मात्र आपले जुने. बटाटेवडा घराघरांत होत होताच. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी गाडीवर तो पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दादर हे ठिकाणही नेमके. तिथे पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे मिळतात, आणि गिरण्यांची वस्तीही जवळच. वडा गरम, पाव कोरडा, त्यामुळे हात तेलकट होत नाही आणि ताटलीही लागत नाही.

मग आला १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. घरातला पगार थांबला, तेव्हा पुष्कळ कुटुंबांनी वडापावची, भज्यांची गाडी लावली. गाडीवर उभा असलेला गडी आपल्याला दिसतो. घरी पहाटे बटाटे उकडून, सोलून, आले-लसूण-मिरची वाटून पातेले भरून देणारी बाई दिसत नाही. धारावीतल्या इडलीचेही तेच. पहाटे तमिळ कुटुंबांतल्या बायका घरी इडल्या उकडतात, पुरुष त्या भांड्यात भरून सायकलवरून शहरभर विकतात. मुंबईला सकाळी चालती ठेवणारी न्याहारी अशी कुणाच्या तरी खोलीत, दिवा न विझवता तयार होत आली आहे.

संपानंतर आणखी एक गोष्ट झाली, आणि ती आपल्या विषयाला फार लागू आहे. शहरातली जागा परवडेना. चाळीतली खोली विकून किंवा सोडून कुटुंबे विरार, कल्याण, बदलापूर आणि त्याच्याही पुढे गेली. चर्चगेटहून विरार ६० किलोमीटर. मुंबईहून कर्जत १०० किलोमीटर, कसारा त्याहून लांब. चालत गिरणीत जाणाऱ्या माणसाची मुलगी आता गाडीत दीड-दोन तास उभी राहून कामाला जाऊ लागली. न्याहारी घरात बसून करण्याची वेळच शिल्लक राहिली नाही. तिला गाडीत चढावेच लागले.

पण बाईने चारचौघांत खायचे तरी कसे? स्टेशनबाहेर उभे राहून वडापाव खाणारा पुरुष कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. बाईने रस्त्यात उभे राहून खाऊ नये, असे आमच्या आयांना बजावून सांगितलेले होते. इराण्याच्या हॉटेलात बायकांसाठी 'फॅमिली रूम' असायची, पण तिथे एकटी बाई सहसा जात नसे. ही अडचण सोडवली बायकांच्या डब्याने. लोकलमधला राखीव डबा सुरक्षिततेसाठी होता, पण त्याने नकळत आणखी एक काम केले. घराबाहेर, ओळखीच्या-अनोळखी बायकांमध्ये, कुणाची नजर न चुकवता खायची जागा दिली. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण गाडीच बायकांसाठी सुरू झाली, लेडीज स्पेशल. त्या गाडीत आणि त्या डब्यांत काय काय झाले, ते तुम्ही जाणताच. मटार सोलले गेले, मेथी निवडली गेली, हळदीकुंकू झाले, नवरात्रात रंग ठरले आणि डबे उघडले गेले. कुणाच्या डब्यात ढोकळा, कुणाच्या डब्यात इडली, कुणाचा पोळीचा लाडू. गोपाळकाला पुन्हा झाला, फक्त या वेळी बायकांचा.

त्या डब्यात सगळ्याजणी सारख्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. ऑफिसला जाणारी बसून डबा उघडते. पहाटे बंदरावर मासळी घ्यायला निघालेली कोळीण पाटी सांभाळत दाराशी बसते. घरकाम करणाऱ्या मावशी पहिल्या घरी पोचेपर्यंत काही खात नाहीत, आणि तिथे चहा मिळाला तर मिळाला. कर्जत-कसाऱ्याकडून रानभाजी, करवंदे घेऊन येणाऱ्या कातकरी बाया माल विकला गेल्यावरच खातात. डब्यात चिक्की आणि पाकिटे विकणारीही दुसऱ्यांना खाऊ घालून स्वतः संध्याकाळी जेवते. गाडी सगळ्यांना एकाच वेळी नेते, पण न्याहारी अजून सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही.

हे काही नुसते हळवे बोलणे नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत ५७ जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, एकट्या न्याहारीवर खापर फोडता येणार नाही. पण सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी खायची सवय त्यात नक्की भर घालते. आणि नुसत्या चहावर सकाळ काढली तर भूक मरते, लोह मात्र मिळत नाही. उलट खाण्याबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. म्हणून चहा खाण्याआधी किंवा नंतर तासाभराच्या अंतराने घ्यावा, आणि खाण्यावर जमेल तेव्हा लिंबू पिळावे, म्हणजे लोह चांगले लागते.

आता आमच्या गटात काय ठरले ते सांगतो. आम्ही जुन्या शिदोरीकडेच परत गेलो. नाचणीच्या पिठात गूळ आणि दूध घालून दशम्या करतो. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीही मऊ असतात, फक्त पावसाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवत नाही. भाजणी महिन्याची एकदम दळून ठेवतो. तिचे थालीपीठ चार तुकडे करून डब्यात घातले की एका हाताने खाता येते. पोळीला शेंगदाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी आणि थोडे तूप लावून गुंडाळी करतो आणि खालचे टोक दुमडून घेतो, म्हणजे सांडत नाही. इडलीला ओली चटणी न देता कोरडी चटणी तेलात कालवून आधीच लावतो. ज्या दिवशी काहीच जमत नाही त्या दिवशी मूठभर भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा आणि एक केळे. त्याला चूलही लागत नाही आणि निमित्तही चालत नाही.

पण मैत्रिणींनो, खरी अडचण पाककृतीची नव्हतीच. आमच्या त्या मैत्रिणीला सगळे पदार्थ येत होते. रोज ती तीन डबे भरतच होती. अडचण होती ती क्रमाची. आपल्या घरांत पहिली पोळी गाईसाठी काढून ठेवायची रीत आहे. मग मुलांची, मग घरच्या पुरुषांची, आणि शेवटची आपली. आमच्या मैत्रिणीने आता हा क्रम मोडला आहे. तव्यावरची पहिली पोळी ती गुंडाळून स्वतःच्या पर्समध्ये टाकते, बाकीचे डबे त्यानंतर. पहिल्या आठवड्यात सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या स्वतःच म्हणाल्या, "तू नीघ, गाडी चुकेल. मुलांच्या पोळ्या मी लाटते." तिचा मुलगा आता स्वतःचा डबा स्वतः भरतो. एवढ्या छोट्या गोष्टीसाठी चक्कर यायची वाट बघावी लागली, याचे आम्हा सगळ्यांना वाईट वाटले.

सुदाम्याच्या बायकोने पोहे बांधून दिले, शेतकरणीने पाटी वाहिली, खानावळवालीने तीन पाळ्यांना भाकरी घातली, गाडीवरच्या वड्याचे बटाटे घरच्या बाईने सोलले. या सगळ्यांची शिदोरी आपल्या पाठीशी आहे. त्यांना जे करायची मुभा नव्हती ते आपण करू शकतो. आपला डबा आपण आधी भरू शकतो.

उद्या सकाळी गाडीत बसाल, किंवा उभ्या राहाल, तेव्हा आपला डबा उघडा. आणि शेजारच्या बाईला एकदा विचारा, "काही खाल्लंत का हो सकाळपासून?" ती नाही म्हणाली, तर अर्धी पोळी पुढे करा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत नमस्कार.